नऊ घरांचा चौकोन

आमच्या नागऱ्यात महादेवाचे एक जुने देऊळ आहे. त्याला लोक हेमाडपंती म्हणतात. महाराष्ट्रात कुठेही काळ्या दगडाचे देऊळ दिसले आणि ते कोणी बांधले हे ठाऊक नसले, की सगळे श्रेय हेमाद्रीपंताच्या नावावर टाकून मोकळे व्हायची आपली पद्धतच आहे. एवढी देवळे खरोखर त्या एकट्या माणसाने बांधायची म्हटली असती, तर बिचाऱ्याला यादवांच्या दरबारात हजेरी लावायला सवड कुठून मिळाली असती? पण नाव लागले की मालाला वजन येते. हे जाहिरातवाल्यांच्याही आधी आपल्या लोकांना कळले होते.

महाशिवरात्रीला या देवळाशी यात्रा भरते. माझ्या लहानपणी त्या यात्रेत एक जडीबुटीवाला हमखास येई. सतरंजीवर मुळ्या, साली, कसल्याकसल्या प्राण्यांचे दात मांडून तो एकाच बाटलीतून सात रोग बरे करी. आठवा रोग कोणी सांगितला तर तोही करी. त्याच्यावर पुढे कितीतरी लोकांनी टीका केली, पण मला आता त्याच्याविषयी आदर वाटतो. कारण तो समोर उभा असे. चूर्ण लागू पडले नाही, तर निदान यात्रा उठेपर्यंत त्याची मानगूट हाताला लागण्याची सोय होती. लबाडीतही एक शेजारधर्म होता.

हा शेजारधर्म पोस्टाने संपवला. पोस्टाचा त्यात दोष काही नाही. आपल्या देशात १८७७ साली व्ही. पी. पी. सुरू झाली. दूरच्या दुकानदाराला पैसे बुडण्याची भीती नको आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाला मुंबई-कलकत्त्याचा माल घरबसल्या मिळावा, असा तिचा सरळ हेतू. पोस्टमन पार्सल आणणार, पैसे घेणार, पार्सल देणार आणि पोस्ट ते पैसे दुकानदाराकडे रवाना करणार. यात एकच बारीकशी गोम होती : पैसे आधी, उघडणे नंतर. शंभर वर्षांनी या गोमेने आमच्या घरात प्रवेश केला.

आमचे वडील शाळेत गणित शिकवीत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. गोंदिया सायकलीने अर्ध्या तासावर, पण बाबा तिकडे चैनीसाठी म्हणून कधी गेले नाहीत. हिशेब चुकलेला त्यांना खपत नसे. भाजीवालीने एक पैसा जास्त परत दिला तर तो परत करायला ते तिच्यामागे निम्मी वाट चालत जात. असा माणूस कधी फसेल असे कोणाला वाटले नसते, आणि त्यांना स्वतःला तर मुळीच नाही. फसवणाऱ्यांना हवी असतात ती अशीच माणसे, हे मला फार उशिरा कळले.

१९७६ ची दिवाळी झाली होती. गावोगावच्या मंडया सुरू होत्या. कोणीतरी वाचायला दिलेल्या एका मासिकाच्या मागच्या पानावर बाबांना ती जाहिरात दिसली. दिल्लीच्या कुठल्याशा कंपनीची. मराठी अशी, की वाचताना दाताखाली खडे यावेत : ‘बुद्धिमान लोकांसाठी सुवर्ण मौका! अंक भरा, ट्रान्झिस्टर जिंका! प्रवेश फी बिलकुल नाही!’ खाली नऊ घरांचा एक चौकोन. मधल्या घरात ५ छापलेला. उरलेल्या घरांत १ ते ९ मधले बाकीचे अंक असे भरायचे, की आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज केली तरी १५ यावी. शेजारी एका मोठ्या ट्रान्झिस्टरचे चित्र आणि तो कानाशी धरून हसणारी एक बाई.

बाबांनी बाईकडे पाहिले नाही. त्यांनी चौकोनाकडे पाहिले आणि तुच्छतेने हसले. कोपऱ्यांत सम अंक, मध्ये पाच, उरल्या घरांत विषम. वरच्या ओळीत २, ७, ६. मधल्या ओळीत ९, ५, १. खाली ४, ३, ८. चहा निवायच्या आत झाले.

हा चौकोन काही दिल्लीच्या त्या कंपनीचा शोध नव्हे. चीनमध्ये तो फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आपल्याकडे इसवी सन ९०० च्या सुमारास वृंद नावाच्या वैद्याने आपल्या ‘सिद्धयोग’ ग्रंथात सुखप्रसूतीसाठी तीस बेरजेचा असाच चौकोन दिला आहे. नारायण पंडिताने १३५६ साली ‘गणितकौमुदी’ लिहिली, तिच्यात अशा चौकोनांवर ‘भद्रगणित’ म्हणून एक अख्खे प्रकरण आहे. भद्र म्हणजे शुभ, कल्याणकारक. पंधराच्या चौकोनाला मुळात एकच उत्तर आहे. तेच फिरवून आणि उलटवून आठ रूपांत मांडता येते. म्हणजे जे कोडे शेकडो वर्षांपूर्वी सुटून गेले होते, ते सोडवणाऱ्या ‘बुद्धिमान लोकांचा’ कंपनी शोध घेत होती. हे बाबांच्या ध्यानात यायला हवे होते. पण कौतुकाची भूक लागलेल्या माणसाला ताटात काय वाढले आहे ते दिसत नाही. वीस वर्षे इमानाने गणित शिकवून त्यांना कोणी ‘बुद्धिमान’ म्हटले नव्हते. दिल्ली म्हणत होती.

तीन आठवड्यांनी पाकीट आले. ‘अभिनंदन! आपले उत्तर बरोबर! आपण प्रथम पुरस्काराचे मानकरी!’ तीनशे रुपयांचा ट्रान्झिस्टर आपला झाला. फक्त पॅकिंग, टपाल आणि कर मिळून ८५ रुपये व्ही. पी. ने द्यावेत. ८५ रुपये म्हणजे पगाराचा चांगलाच लचका होता. आई म्हणाली, “अवो, बक्षिसाला कुठं पैसे पडतात का?” बाबांनी तिला तीनशे वजा पंच्याऐंशी ही वजाबाकी करून दाखवली. दोनशे पंधरा. वजाबाकी अचूक होती. आईला वजाबाकी येत नव्हती, पण शंका येत होती. आणि आमच्या घरात शंकेपेक्षा वजाबाकीचा मान मोठा होता.

त्या काळी रेडिओला परवाना लागे आणि तो पोस्टात काढावा लागे. बाबा कायद्याचे पक्के. रेडिओ येईल आणि आपण परवान्याशिवाय बातम्या ऐकू, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. ते सायकल मारत गोंदियाला गेले आणि खिडकीतल्या बाबूला परवाना मागू लागले.

“रेडिओ कोणता?” बाबू.

“अजून यायचा आहे.”

“मग येऊ द्या ना गुरुजी. लेकरू झाल्यावर नाव ठेवतात.”

पार्सल आले. पोस्टमनने ८५ रुपये मोजून घेतले आणि बसला; त्यालाही रेडिओ पाहायचा होता. पण बाबांना काय वाटले कोण जाणे, ते म्हणाले, “संध्याकाळी मुहूर्ताने उघडू.” या मुहूर्ताने त्यांची अब्रू त्या दिवसापुरती वाचवली. संध्याकाळी दार लावून आम्ही दोरी सोडली. आत भरपूर रद्दी, आणि रद्दीत एक लाल प्लास्टिकची पेटी. तिच्यावर आकड्यांची तबकडी रंगवलेली. कान पिळला तर फिरत होता, पण फिरून काही होत नव्हते. हलवली तर आत काहीतरी खुळखुळत होते. आईने मासिक आणून जाहिरात पुन्हा वाचायला लावली. चित्राच्या पायाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापले होते : ‘ट्रान्झिस्टर मॉडेल’.

कंपनी खोटे बोलली नव्हती. ती फक्त हळू बोलली होती.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एकाने विचारले, “गुरुजी, रेडू आला म्हनते. कसा आहे जी?” बाबा क्षणभर थांबले. माझी खात्री आहे, की त्या क्षणी त्यांना खरे सांगायचे होते. पण समोरच्या माणसाला त्यांनीच पाढे शिकवले होते. ते म्हणाले, “छान आहे. नागपूर स्वच्छ लागतं.”

एकदा नागपूर स्वच्छ लागले, की मग ते रोज लागावे लागते. बाबा गोंदियाला जाऊन वर्तमानपत्र वाचून येत आणि संध्याकाळी पारावर ‘रेडिओवरच्या’ बातम्या सांगत. रेडिओवर कालच्याच बातम्या कशा येतात, असे कोणी विचारले नाही, हे आमचे नशीब. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि गावाला बातम्यांची भूक लागली. बाबांचे वाचनही वाढले, सायकलीचे टायरही झिजले. ऐकायला येतो म्हणणाऱ्यांना मात्र ते सांगत, “सध्या जरा दुरुस्तीला दिला आहे.”

इथपर्यंत ही गोष्ट हसण्यावारी नेता येते. पुढची येत नाही. बाबांचा एक जुना विद्यार्थी होता. शाळा सोडून तो बहिणीबरोबर घरी विड्या वळत असे. आमच्याकडे तेंदूपत्त्याचा आणि विडीचा धंदा मोठा. किती घरांच्या चुली त्यावर पेटत. तो एक दिवस तेच पान फाडून घेऊन आला. “गुरुजी, तुम्हाला मिळाला, मलाही मिळंल. एवढा चौकोन भरून द्या ना जी.” बाबांनी पान हातात घेतले. मी तिथेच होतो, दहा वर्षांचा. बाबा बराच वेळ त्या पाचाकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि चौकोन भरून दिला.

जाहिरातीचा खरा विक्रेता कंपनीत नसतो. फसलेला पहिला माणूस लाजेपोटी गप्प बसतो, तेव्हा तो बिनपगारी विक्रेता होतो. त्या लाल पेटीची नागऱ्यातली जाहिरात त्या हसऱ्या बाईने केली नाही. आमच्या वडिलांनी केली, आणि त्यांच्याइतका विश्वास त्या बाईवर कोणी ठेवला नसता.

२० मार्चची रात्र आली. मतमोजणी सुरू झाली होती. खुद्द पंतप्रधान पडणार अशी कुजबुज होती. जेवणे उरकून पंधरा-वीस माणसे आमच्या अंगणात येऊन बसली. “गुरुजी, आज तरी रेडू लावा ना जी!” बाबा उंबऱ्यात उभे. दुरुस्तीचे कारण तीन महिने वापरून जुने झाले होते. तेवढ्यात तो विडीवाला पोरगा मागून म्हणाला, “गुरुजींचा दुरुस्तीला असन. माझाही दुरुस्तीलाच आहे.” आणि अंधारातून तिसरा आवाज आला, गावातल्या एका बऱ्या शेतकऱ्याचा, ज्याने कोणाला न सांगता परस्पर चौकोन भरला होता : “मायबाप! माझाही!”

एका गावात तीन रेडिओ, तिन्ही दुरुस्तीला. गाव क्षणभर गप्प झाले. मग बाबा आत गेले आणि लाल पेटी आणून त्यांनी अंगणात कंदिलाशेजारी ठेवली. ती खुळखुळली. हसावे की नाही हे कोणाला कळेना. पोरगा पुढे झाला, पेटी उलटसुलट करून पाहिली आणि हळूच म्हणाला, “तुमचाही असाच का जी? मला वाटलं, माझाच चौकोन उलटा भरला असन.”

त्याने महिनाभर कोणाला सांगितले नव्हते. गुरुजींचा रेडिओ खरा आहे, तेव्हा चूक आपलीच, अशी त्याची समजूत होती. बाबा खाली बसले. मी त्यांना कधी लोकांसमोर असे बसलेले पाहिले नव्हते. म्हणाले, “चौकोन बरोबर होता रे. मी चुकलो.”

मग सगळे उठून किराणा दुकानदाराकडे गेले. त्याच्याजवळ गोंदियाहून रोख पैसे मोजून, वाजवून आणलेला एक जुना रेडिओ होता. पहाटे केव्हातरी पंतप्रधान पडल्याची बातमी त्यावरच ऐकली. देशात काय उलथापालथ झाली ते इतिहासात आहे. आमच्या घरात झाली ती अशी, की बाबांनी त्या पोराचे ८५ रुपये फेडले. महिना दहा रुपये आणि शेवटी पाच, असे नऊ हप्त्यांत. तो नको नको म्हणत होता, बाबा म्हणाले, “हिशेब आहे.”

आता कोणी विचारील, तक्रार का नाही केली? कुठे करायची? पोस्टाने आपले काम चोख केले होते. फौजदारीत ४२० चे कलम होते, पण ८५ रुपयांसाठी दिल्लीच्या पत्रपेटी क्रमांकाचा पाठलाग कोण करणार? कोड्यांच्या स्पर्धांवर कायदा होता, नव्हता असे नाही. बक्षिसांच्या कोड्यांना आळा घालायला मुंबई राज्याने १९४८ साली कायदा केला, केंद्राने १९५५ साली केला. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातून मुंबई राज्यात कोड्यांची स्पर्धा चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. १९५७ साली न्यायालयाने सांगितले, की जुगार हा काही व्यापार नव्हे. मात्र ज्यात खरे कौशल्य लागते त्या स्पर्धांना हा कायदा लागू नाही. आमच्या चौकोनात तर निव्वळ कौशल्य होते! प्रवेश फी नाही, नशीब नाही, शुद्ध अंकगणित. बाबांची हुशारी हाच कंपनीचा बचाव.

विलायतेत मात्र एक बाई गप्प बसली नव्हती. १८९१ साली लंडनच्या एका कंपनीने जाहीर केले, की आमचा कार्बोलिक धुराचा गोळा दिवसातून तीनदा दोन आठवडे हुंगूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल, त्याला १०० पौंड देऊ; खात्री म्हणून बँकेत १००० पौंड ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल यांनी इमानाने गोळा हुंगला आणि तितक्याच इमानाने आजारी पडल्या. कंपनी कोर्टात म्हणाली, जाहिरातीतले बोलणे का कोणी मनावर घेते? १८९२ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने सांगितले, घेते, पैसे द्या. आजही वकिलीच्या पहिल्या वर्षाला पोरे त्या बाईचे नाव घोकतात.

आपल्याकडेही गप्प न बसणारी माणसे हळूहळू जमत होती. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’ काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. आमच्या अंगणात लाल पेटी खुळखुळत होती तेव्हा हे सगळे चालू होते. फक्त नागऱ्यापर्यंत बातमी आली नव्हती. रेडिओ नव्हता ना! १९७८ मध्ये न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने सांगितले, की मक्तेदारीच्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर काही उपायच नाही. १९८४ साली तो कायदा दुरुस्त झाला आणि बक्षीस द्यायचे नसताना बक्षिसाचे आमिष दाखवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ चा नवा कायदा २०२० मध्ये लागू झाल्यावर तर ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येऊ लागली. म्हणजे दिल्लीला गोंदियात यावे लागते. एकाच प्रकारे अनेक जण फसले असतील, तर आयोगाच्या परवानगीने काहीजण सर्वांच्या वतीने उभे राहू शकतात. आणि २०२२ च्या नियमांत लिहिले आहे, की फुकट म्हणून सांगितलेल्या वस्तूवर पॅकिंगचे पैसे लावता येणार नाहीत, आणि खुलाशाची अक्षरे दाव्याच्या अक्षरांएवढीच हवीत. मुंगीच्या पायाला माणसाच्या पायाएवढे व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली.

तेव्हा आता सगळे ठाकठीक झाले, असे म्हणून मी हा लेख संपवणार होतो. पण गेल्या दिवाळीत फोनवर एक निरोप आला : ‘अभिनंदन! आपण निवडले गेला आहात!’ मिक्सर, ८० टक्क्यांपर्यंत सूट. ‘पर्यंत’ हा शब्द आजकाल मुंगीच्या पायाचे काम करतो. मी पैसे भरले. जे आले ते लिंबाचा रस काढायचे प्लास्टिकचे यंत्र होते. बायकोने विचारले, “काय आलं हो?”

आणि माझ्या तोंडून निघाले, “बदलून घ्यायला परत पाठवलंय.”

खोटे बोलून झाल्यावर मला अंगणातला कंदील आठवला. ते यंत्र मी कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले. बायको हसली, पोरे हसली, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवले तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांच्याकडेही तेच आले होते.

दोघांनी मिळून ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिचा क्रमांक १९१५. सवयीने मी अंकांची बेरीज केली. सोळा आली. पंधरा आली नाही, तेव्हाच मला विश्वास वाटला.